पाड्यावर कम्युनिटी रेडिओ काढायचाय? आधी हे वाचा

कम्युनिटी रेडिओ म्हणजे गावातल्यांनी गावासाठी चालवलेलं छोटं एफएम केंद्र. त्याच्या लायसन्ससाठी एकट्याच्या नावाने अर्ज चालत नाही, संस्था लागते आणि तीही नोंदणी होऊन किमान ३ वर्षं झालेली, त्यामुळे आज संस्था काढून उद्या रेडिओ असं होणार नाही. अर्ज केंद्र सरकारच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. रेंज १०-१५ किमी पकडा, डोंगर आडवा आला की कमी, म्हणून टॉवरची जागा ऑफिसच्या सोयीने ठरवू नका.

खरी गोची बातम्यांची. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या, जशाच्या तशा किंवा आपल्या बोलीत भाषांतर करून, बस. (मला तरी हा नियम पटत नाही.) पण हवामान, बंद रस्ता, वीज-पाणी, परीक्षा, नोकऱ्या, जत्रा हे बातम्यांत धरत नाहीत, तेवढ्यातच खूप काही बसतं. हक्कांचं पण तसंच, २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा कसा भरायचा, पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) ग्रामसभेला काय अधिकार आहेत हे गोंडीत, कोरकूत, भिलीत समजावून सांगा, मराठीत वाचून दाखवलं तर म्हातारी माणसं रेडिओ बंद करतील.

गाणी रेकॉर्ड करण्याआधी गाणाऱ्यांना विचारा, विधीची गाणी सगळ्यांसाठी नसतात.

लायसन्सला वेळ लागतोच, तोवर फोन वापरा. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वराने २०१० पासून हेच केलं: मिस्ड कॉल द्यायचा, परत कॉल आला की आपली तक्रार किंवा गाणं बोलायचं, कुणीतरी ते तपासणार आणि मग बाकीच्यांनी फोनवरच ऐकायचं. गोंडीतही चालतं. तपासणारा माणूस मात्र भाषा येणाराच ठेवा.