ट्राउट गरवायला जाताय? आधी पाण्यातून बाहेर या

मी इंग्लंडात लेस्टरला राहतो. दर मे महिन्यात आपल्यापैकी कुणीतरी ‘मलाही न्या की’ म्हणून मागे लागतो. लहानपणी खाडीवर गरवलेलं असतं, त्यामुळे ‘त्यात काय एवढं’ हा भाव घरूनच आणलेला. मग रटलंड वॉटर समोर येतं. १९७० च्या दशकात धरण बांधून केलेला हा जलाशय साधारण १,२५० हेक्टरांचा, तळाशी नेदर हॅम्बल्टन गाव बुडालेलं. एवढं पाणी पाहिलं की मासा लांबच असणार, असं नवख्याला वाटतं.

आणि तो वेडर, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार-बूट, चढवून थेट कंबरभर पाण्यात शिरतो. सगळ्यात जास्त डोकं याच चुकीने फिरतं माझं. सकाळी ऊन चढण्याआधी ट्राउट काठाला लागून, गुडघाभर पाण्यात चरत असतो. तुम्ही त्याच्या ताटात पाय देऊन उभे राहता आणि फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्याने किड्यासारखा सजवलेला गळ, फेकता पलीकडे.

हे मला कसं कळलं? पहिल्या वर्षी मीही तसाच दोन तास उभा होतो. मागे काठावर एक म्हातारबुवा थर्मासमधला चहा पीत बसलेले. शेवटी वैतागून मी बाहेर आलो, तर म्हणाले, “झालं का पोहून?” मग त्यांनी दहा मिनिटं पाणी शांत होऊ दिलं, काठापासून चार पावलं मागे गवतात गुडघे टेकले, आणि मी उभा होतो त्याच्याही अलीकडे फ्लाय टाकली. तिसऱ्या खेपेला दीडेक किलोचा रेनबो ट्राउट. तेव्हापासून पहिला अर्धा तास माझे बूट कोरडे असतात. आधी काठाला समांतर टाकायचं, मग पंखा उघडावा तसं हळूहळू आत.

दुसरा माझा राग घाईने लाइन ओढणाऱ्यांवर. मे महिन्यात इथला ट्राउट बझर खातो. बझर म्हणजे न चावणाऱ्या चिलटाचा कोष. मासा मारल्यावर लांबट चमच्याने त्याच्या पोटातलं काढून पांढऱ्या बशीत पाण्यात सोडा. काळे काळे स्वल्पविराम तरंगतात, एखादा अजून वळवळत असतो. हा जीव तळातून रेंगाळत वर येतो. आणि आपले लोक त्याची नक्कल विहिरीतून पोहरा ओढावा तशी ओढतात! वाऱ्याला लाइन वाहू द्या, सैल पडेल तेवढीच बोटांवर आठचा आकडा काढत गोळा करा. कंटाळा येतो, मान्य. ज्यांना तो सोसत नाही ते चमचमती मोठी फ्लाय लावून भराभर ओढतात. कधीकधी मासा मिळतोही, पण मला त्यात गंमत वाटत नाही. रॉड उचलण्याआधी मात्र थांबा, मनात पाच म्हणा. मागे लागलेला मासा पुष्कळदा तिथेच घेतो.

बाकीचं थोडक्यात. बॅक कास्टला, म्हणजे फेकण्याआधी लाइन मागे झुलवताना, ती सरळ होईपर्यंत थांबा, नाहीतर चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, वाऱ्याने गाठ पडली तर तो तुकडा बदला, गाठीशी ताकद जवळजवळ अर्धी होते. उजव्या हाताने टाकत असाल तर वारा डाव्या खांद्यावर घ्या. मी एकदा घेतला नव्हता, कानात हुक घेऊन घरी आलो. चष्मा तर ढगाळ दिवशीही. बोटीत उभं राहू नका. आणि तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, जलाशयाचं तिकीट वेगळं. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याला मी गाडीत घेत नाही.

राहिलं जाळं. ते आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायचं आणि मासा दमला की त्यावर आणायचा. गेल्या मे महिन्यात भाच्याला हे तीनदा सांगितलं. “हो मामा, कळलं,” म्हणाला आणि मासा दिसताच कोंबडीमागे धावावं तसा जाळं घेऊन धावला. मासा उसळला, लीडर तुटला. घरी बायकोने वाटण करून ठेवलं होतं. रात्री त्यात अंडी सोडली.