सुझोऊला निघण्याआधी

आधी यादीला कात्री लावा. चीनमधल्या सुझोऊत दोन रात्री राहणार असाल, तर सकाळी एक बाग आणि संध्याकाळी एक कालवा, बस. तिथल्या बागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत 1997 साली गेल्या म्हणून सगळ्याच पाहायलाच हव्यात असं नाही. झुओझेंग युआन सर्वांत मोठी आणि सर्वांत गजबजलेली. मला विचाराल तर छोटीशी वांगशी युआन निवडा. तिथे तळ्याकाठी तासभर नुसतं बसता येतं.

तारखा ठरवताना 1 ऑक्टोबरचा सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा. जूनच्या मध्यापासून पावसाची रिपरिप आणि दमट उकाडा. एप्रिल किंवा नोव्हेंबरची सुरुवात उत्तम. सोमवार मध्ये येत असेल तर दिवस पुढेमागे करा, कारण वास्तुकार आय. एम. पेई यांनी रचलेलं सुझोऊ संग्रहालय तेव्हा बंद असतं. प्रवेश फुकट, पण वेळ आधी राखून ठेवावी लागते.

व्हिसा हातात आला की शांघायच्या होंगचिआओ स्थानकातून रेल्वेचं तिकीट काढा. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं, म्हणून पासपोर्ट वरच्या खिशात. आणि स्थानकाचं नाव दोनदा वाचा! ‘सुझोऊ’ जुन्या शहराला लागून आहे, ‘सुझोऊ उत्तर’ बरंच लांब.

खरी तयारी मोबाइलची. अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप घरीच सुरू करून कार्ड जोडा, ओटीपीची भानगड इथेच उरका. गूगल नि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या नेटवर चालत नाहीत, त्यामुळे भारतातूनच रोमिंग घेऊन जा. भाषांतराचं अ‍ॅप आणि चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा. आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर विसरू नका.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल एवढंच. पिंगजिआंग रस्त्यावर पायाखाली दगडी फरशा, पुलांना पायऱ्या. तिथे चाकांची बॅग ओढणाऱ्याची सगळी गंमत खडखडाटात जाते. कालव्याकडे पाठ करून उभी पांढरी घरं, मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. कालव्यांची ही जाळी 1229 साली दगडावर कोरलेल्या नकाशात आहे, आणि बरीचशी अजून तशीच आहे. हे बघायला हात मोकळे हवेत.

शाकाहारी असाल तर ‘वो चर् सू’ (मी शाकाहारी आहे) पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. साध्या दिसणाऱ्या नूडल्समध्येही डुकराची चरबी असू शकते. ‘मांस, मासे, चरबी नको’ असं चिनीत लिहून घ्या. शीयुआन मंदिरातल्या शाकाहारी नूडल्स निर्धास्तपणे खाता येतात. चकली-चिवड्याचा एक डबा तरीही घ्याच. तिथलं जेवण बरंच गोडसर असतं.

शेवटी, हॉटेलचं नाव नि पत्ता चिनी लिपीत छापून पाकिटात ठेवा. मोबाइल बंद पडला की टॅक्सीवाल्यासमोर तोच कागद धरायचा.