१०० इंची पडद्यावर चित्र फिकट दिसतंय? नवा प्रोजेक्टर घेण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात हल्ली वासणा-भायलीकडच्या नव्या फ्लॅटांत तर प्रोजेक्टर आहेतच, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतही माळ्यावरच्या खोलीत एखादा लटकलेला दिसतो. तक्रार मात्र सगळीकडे तीच. दुकानात झकास दिसत होता, घरी काळं म्हणून काही दिसतच नाही, सगळं राखाडी. मग कोणीतरी जाणकार म्हणतो, 'जास्त ल्युमेनवाला घ्या.' ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप. पण जरा थांबा.

दिवा चालू ठेवून सिनेमा बघणे

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, फक्त उजेड टाकता येतो. जिथे तो उजेड टाकत नाही, तिथे खोलीतला जो काही उजेड पडद्यावर पोचेल तोच तुमचा काळा.

हिशोब मांडून बघा. १०० इंची पडदा २२१ सेंमी रुंद आणि १२५ सेंमी उंच, म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. खरोखरचे ५०० ल्युमेन त्यावर पडले तर पांढऱ्या भागाला सुमारे १८० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन, मिळतात. आता ट्यूबलाइटचे १०० लक्स पडद्यावर येत असतील तर पांढरं झालं २८० आणि काळं १००. तिप्पटही फरक नाही! दुप्पट ल्युमेनचा प्रोजेक्टर आणलात तर हा फरक साडेचार पटीच्या आसपास जातो. तेवढे पैसे न घालता ट्यूब बंद केली आणि देवघरातल्या छोट्या बल्बचे १० लक्सच उरले, तर फरक थेट १९ पट. तोही बल्ब झाकला की त्याहून कितीतरी पुढे.

दिवे बंद करूनही राखाडीपणा राहतो, कारण पडद्यावरचाच उजेड पांढऱ्या पीओपीवर, ऑइल पेंटच्या चकचकीत भिंतींवर आणि टाइल्सवर आपटून परत पडद्यावर येतो. पडद्यालगतचा मीटर-दीड मीटर भाग गडद केला तरी मोठा फरक पडतो. मंगळबाजारातून जाड, बिनचमकीचं कापड आणा, दोन्ही बाजूंना पडदे सोडा, खाली गडद सतरंजी टाका. घरात काळं नको असं सासूबाई म्हणत असतील तर मरून किंवा बाटली हिरवा चालतो, फक्त सॅटिन नको.

रविवारी दुपारी साडेतीनच्या मॅचला, मे महिन्यात, खिडक्या नीट झाकलेल्या नसतील तर प्रोजेक्टर लावूच नका. टीव्ही बरा.

भिंतीवरच बघत असाल तर क्रीम रंगाच्या भिंतीवर सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. मॅट पांढरा रंग हवा. पुट्टीचे उंचवटे एरवी जाणवत नाहीत, पण कॅमेरा फिरला आणि मागे आकाश असलं की लगेच दिसतात.

खोक्यावरचे आकडे खरे मानणे

'८००० ल्युमेन' लिहिलंय आणि कुठेच 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' (उजेड मोजायच्या प्रमाणित पद्धती) नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही. 'फोर के सपोर्ट' म्हणजे तो फोर केचा सिग्नल घेतो, दाखवतो तेवढंच जेवढे त्याच्या पॅनेलवर, म्हणजे आतल्या चित्र बनवणाऱ्या पट्टीवर, ठिपके आहेत. 'नेटिव्ह रिझोल्युशन' विचारा. आडवे १२८० ठिपके असलेला पॅनेल असेल तर १०० इंची पडद्यावर एक ठिपका १.७ मिमीचा होतो, चांगल्या नजरेला तो साधारण ६ मीटरपर्यंत ओळखू येतो. १९२० ठिपक्यांचा असेल तर सव्वा मिमीच्याही आत, आणि ४ मीटरवरून वेगळा दिसत नाही. फ्लॅटमध्ये सोफा पडद्यापासून ६ मीटर मागे कोणाचा असतो?

कीस्टोनने भागवणे

प्रोजेक्टर बाजूच्या टिपॉयवर ठेवायचा आणि चित्र तिरकं आलं की ऑटो कीस्टोनने चौकोनी करायचं, हे फार चालतं. त्यात प्रोजेक्टर पॅनेलचा काही भाग बंद ठेवून उरलेल्या ठिपक्यांत चित्र कोंबतो. बारीक अक्षरं फुटतात, सबटायटलं मऊ पडतात. खात्री करायची असेल तर लॅपटॉप जोडा, छोट्या अक्षरांची एक फाइल उघडा आणि कीस्टोन शून्यावर आणून फरक बघा. मग स्टूल हलवा, गरज पडली तर छतावर उलटा टांगा आणि मेनूतून चित्र सरळ करा. भिंगच सरकवणारा लेन्स शिफ्ट असेल तर तो बिनधास्त वापरा, त्यात ठिपके वाया जात नाहीत.

फोकस चालू केल्याबरोबर लावू नका. भिंग तापलं की फोकस सरकतो, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा.

सिग्नल न तपासणे

प्रोजेक्टरमधल्याच ॲपवर सिनेमा लावला आणि चित्र धूसर आलं, तर इंटरनेटला शिव्या देण्याआधी बघा: 'वाइडवाइन एल१' (चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेली सुरक्षा) मान्यता नसलेल्या यंत्राला बऱ्याच ओटीटी सेवा एचडी देतच नाहीत, ४८० ओळींच्या चित्रावर अडवतात. वाय-फाय कितीही वेगाचा असो. मान्यता असलेली स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावली की प्रश्न मिटतो.

काळ्या भागातले तपशील गायब किंवा सगळंच धुरकट, आणि खोली तर अंधारी? मग एचडीएमआयची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, जुळत नाहीये. एक यंत्र १६ ते २३५ पाठवतंय, दुसरं ० ते २५५ समजतंय. दोन्हीकडे सारखं ठेवा. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा सिग्नल) चालू केल्यावर चित्र अंधारलं तर एसडीआरवर, म्हणजे साध्या सिग्नलवर, या. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांकडे एचडीआरला लागणारा उजेड नसतोच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

छतापर्यंत फायबरवाली लांब केबल नेणार असाल तर तिला दिशा असते. एक टोक प्लेअरचं, दुसरं प्रोजेक्टरचं. पाइपातून ओढण्याआधी टोकावरची खूण वाचा, नाहीतर भिंत पुन्हा उकरावी लागेल.

लग्नाची कॅसेट ताणणे

मुंजीच्या, लग्नाच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून घेतलेल्या असतात. त्यात ७२० बाय ५७६ ठिपके, आणि प्रत्येक चित्र एक सोडून एक ओळींच्या दोन अर्ध्यांत विभागलेलं. लॅपटॉपवर हे तसंच चालवलं की नवरी हार घालायला हात उचलते तेव्हा हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा आणि 'याडिफ २एक्स' निवडा. सेकंदाला ५० चित्रं मिळतात, हालचाल सुटी होते. उतरवून देणाऱ्याने फाइल बनवतानाच दोन्ही अर्धी मिसळून टाकली असतील तर मात्र इलाज नाही, मूळ कॅसेट पुन्हा उतरवा.

चित्र ४:३ च ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, १६:९ मध्ये ताणलं की सगळे वऱ्हाडी बुटके होतात. शार्पनेस वाढवून तपशील येत नाही, चेहऱ्याभोवती पांढरी कड तेवढी येते. माझं मत विचाराल तर अशा फिल्मला १०० इंच नकोच, झूम कमी करून ६० इंचांवर आणा. काका-काकू ओळखू तर येतील.

रंगांसाठी 'डायनॅमिक' सोडून 'सिनेमा' मोड. गती गुळगुळीत करणारं सेटिंग क्रिकेटला ठीक, सिनेमाला बंद.

धूळ

उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो. प्रोजेक्टर भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवला तर पंखा ओरडतो, आणि काही यंत्रं उजेड कमी करून स्वतःला वाचवतात. जाळी असेल तर काढून ब्लोअरने साफ करा, ओलं फडकं नको. काळ्या दृश्यात एकाच जागी गोल, पांढुरका डाग दिसत असेल तर भिंग पुसून बघा. गेला नाही तर धूळ आत पॅनेलजवळ बसली आहे. यूट्यूब बघून घरी उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.