पोरगं पाचवीत चाललंय? मग एवढं बघून ठेवा

आमची थोरली दोन वर्षांपूर्वी पाचवीत गेली तेव्हा सगळं अंगावर आलं, आता जूनला धाकट्याचा नंबर आहे म्हणून या वेळी आधीच लिहून काढलंय, तुमच्याही उपयोगाला येईल. चौथीपर्यंत एकच वर्ग, एकच बाई, बाईंना पोराच्या घरची भाजीसुद्धा माहीत असते. पाचवीला आपल्या कोल्हापुरात बऱ्याच पोरांची शाळाच बदलते, हायस्कूलला नाव घालावं लागतं, आणि तिथं दर तासाला वेगळे सर वेगळ्या मॅडम, कुणाला दोनशे पानी वही पाहिजे तर कुणाला शंभर पानी.

पहिलं काम दाखल्याचं, ते मे महिन्यातच उरका. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून वाचायचा, पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळतंय का बघायचं. थोरलीच्या वेळी आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरं, एका अक्षरासाठी मी तीन हेलपाटे घातले, त्यात एकदा सर्व्हर डाऊन. पाच वर्षांनंतरचं आधारचं बायोमेट्रिक झालंय का तेही बघा. दाखल्याच्या चार-पाच झेरॉक्स, सात-आठ फोटो एका फाईलला लावून ठेवा, ऐनवेळी महाद्वार रोडच्या गर्दीत झेरॉक्सचं दुकान शोधत फिरायला नको.

अभ्यासाचं म्हणाल तर मराठी माध्यमाच्या पोरांना हिंदी विषय पाचवीला पहिल्यांदा येतो. टीव्हीमुळं बोलतात भारी, पण लिहायला बसलं की घोळ, आपल्यात तो आवाज आणि हिंदीत मात्र 'मेरी आवाज', आमची वर्षभर 'मेरा आवाज'च लिहीत होती. सेमीला घातलं असेल तर गणिताचे शब्द इंग्रजीतनं येणार, ते आधी मराठीत पक्के करून घ्या. गणिताची सुरुवात रोमन अंकांनी होते, ती पोरांना आवडते, खरी गाडी अडते ती अपूर्णांकाला. मी शेवटी भाकरीच पुढं ठेवली, ही चतकोर म्हणजे १/४, ही अर्धी म्हणजे २/४, दोन्ही मिळून किती? छेद समान का करायचा हे तिला ताटातच कळलं. दशांश मामाच्या गावाला डेअरीच्या स्लिपवर कळले, फॅट ६.५ आणि ६.२ मध्ये जास्त कुठलं हे म्हशीवाल्या घरातल्या पोराला कुणी शिकवायला लागत नाही बघा.

परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं असतात. चौथीला शिवाजी महाराज होते, पन्हाळा, पावनखिंड सगळं तोंडपाठ, आणि पाचवीला एकदम अश्मयुग आणि उत्क्रांती, त्यामुळं पोरं जरा खट्टू होतात. एका रविवारी टाऊन हॉलच्या म्युझियमला न्या, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात सापडलेल्या वस्तू आहेत तिथं. त्या अश्मयुगातल्या नाहीत, पण जमीन खणून इतिहास कसा कळतो हे डोळ्याला दिसतं.

आता परीक्षांचं, इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवत नव्हते, पण २०२३-२४ पासून पाचवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के पाहिजेत, नाही पडले तर फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिलं तर पोरगं परत पाचवीतच. घाबरायचं कारण नाही पण 'ढकलतातच की वर' हे डोक्यातनं काढा. स्कॉलरशिप २०१६-१७ पासून पाचवीला होती, ती आता परत चौथीला नेलीय, २०२५-२६ हे मधलं वर्ष म्हणून चौथी-पाचवी दोन्हीकडं ठेवली. म्हणजे थोरलीनं पाचवीत दिली आणि धाकट्याची चौथीतच उरकली. तरी थोरल्या भावंडांची पाचवीची जुनी गाईडं रद्दीला घालू नका, बुद्धिमत्तेची उदाहरणं नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला चालतात.

नवोदय पाचवीतच द्यायची, आणि एकदाच देता येते. ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास. आपल्या जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे आणि ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या पोरांना असतात, त्यामुळं खेड्यातल्या शाळेत असाल तर फॉर्म चुकवू नका. सैनिक स्कूल म्हटलं की सगळ्यांना साताराच आठवतं, १९६१ चं, देशातलं पहिलं, तिथली सहावीच्या प्रवेशाची परीक्षा वेगळी, वय १० ते १२. पण दोन्ही ठिकाणी पोरगं होस्टेलला राहणार, आधी त्याला विचारा तर खरं. माझ्या मते दोन्ही परीक्षा आणि वर क्लास असं एका वर्षात करू नये. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते हेच गाव, आणि आपण क्लासची फी ऐकून तिथंच खुर्चीत बसतो.

पावसाचं तर वेगळंच खातं. शाळा जूनच्या मध्याला भरते आणि जुलैत पंचगंगा फुगते, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या गल्लीत आलं त्यांना सांगायला नको. तेव्हा गणवेश दोन जोड, वह्या-पुस्तकं आधी प्लास्टिकच्या पिशवीत मग दप्तरात, आणि अचानक सुट्टी दिली तर आणायला कोण जाणार हे जूनमध्येच ठरवा. केएमटीच्या बसनं जाणार असेल तर मेच्या सुट्टीत दोन-तीनदा बरोबर जाऊन या, मग एकदा त्याला पुढं घालून तुम्ही मागनं या. दप्तर रोज त्यानंच भरायचं, वेळापत्रक बघून. पहिल्या महिन्यात वही विसरेल, बोलणी खाईल, खाऊ दे.

मुलगी असेल तर पाळीविषयी पाचवीतच बोला, काही जणींना दहा-अकराव्या वर्षीच येते, दप्तरात एक पॅड कागदात गुंडाळून असू दे. मुलग्यालाही कानावर घातलं तर काय बिघडत नाही.

आणि हो, वार्षिक परीक्षा आणि जोतिबाची चैत्र यात्रा एकाच सुमाराला येतात, मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना आत्ताच सांगून ठेवा.