कोकण किनाऱ्यावर सायकल: ओहोटीची वेळ तिथीवरून

रेवस-रेड्डी सागरी मार्गावर फिरताना मुरुड-कर्द्यासारख्या लांब किनाऱ्यांवरून सायकल चालवायची तर ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू हवी. रेंज नसली तरी वेळ काढता येते. खिशात कॅलेंडरचं पान पुरे.

१. त्या दिवसाची तिथी घ्या. कृष्ण पक्षात पुन्हा १ पासून मोजा, अमावस्या १५ धरा.
२. तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पूर्ण भरती सुमारे ३ वाजता, पहाटे आणि दुपारी.
३. त्यात सव्वासहा तास मिळवा. ओहोटी सव्वानऊच्या आसपास.
४. ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर उतरा, नंतर तासाभरात वर या.

अंदाज अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून शेवटची वेळ ताणू नका. पौर्णिमा-अमावस्येला सकाळी सहाच्या सुमारास पट्टा सर्वात रुंद मिळतो. उन्हाच्या आधी चालवायला यासारखी वेळ नाही! अष्टमीच्या आसपास पाणी फारसं मागे हटत नाही, तेव्हा सरळ रस्ताच धरा.

३५ मिमीपेक्षा अरुंद टायर रुततात. खाडीच्या तोंडाशी वाळू दिसते घट्ट, पण खाली चिखल असतो. तिथे उतरून चाला. मुक्कामी पोचताच चेन आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. रात्रभर राहिलेल्या मिठाने चेन गंजते.

वेळास, आंजर्ले, गुहागर इथे नोव्हेंबर ते मे कासवांची घरटी असतात. तिथे किनाऱ्यावर सायकल नेऊच नका.