फिरवली की घुमणारी, आपटली की उजळणारी गदा: प्रॉपमध्ये आवाज आणि लाइट कसे बसवायचे

माझा भाचा गॅदरिंगमध्ये भीम झाला होता. पहिल्या वर्षी असं ठरलेलं की गदेचा आवाज विंगेतून लॅपटॉपवर वाजवायचा, आणि झालं काय तर दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली, तो पडला, सगळं शांत, आणि मग दीड-दोन सेकंदांनी धाडकन आवाज. पोरगं तिथेच उभं राहून विंगेकडे बघायला लागलं. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वर्षी आवाज गदेतूनच येणार, आणि त्यासाठी त्याला कुठलंही बटण दाबायला लागणार नाही. ज्याच्या हातात प्रॉप आहे त्याचं लक्ष संवादात आणि समोरच्या माणसात असतं, त्यामुळे हालचाल झाली की आवाज आणि लाइट आपोआप आलेच पाहिजेत. खाली लिहिलेलं सगळं त्या एका हट्टापायी शिकलेय. गदाच घेतलीय कारण पहिल्या प्रोजेक्टला तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही, डोकं पोकळ आणि मोठं, दांडा पाइपचा. एकदा हे जमलं की त्रिशूळ, परशू, रावणाचे डोळे, सगळं याच पद्धतीने होतं.

सामान असं लागतं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा बोटभर बोर्ड), आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी आणि एक मायक्रो एसडी कार्ड (32 जीबीपर्यंतचं चालतं, फॅट32 फॉरमॅट करून घ्या), हालचाल ओळखायला एमपीयू6050 सेन्सर, 4 ओहम 3 वॅटचा 40 मिमी स्पीकर, डब्ल्यूएस2812बी ही रंगीत एलईडींची पट्टी, एक 18650 सेल (चार्ज होणारा लिथियमचा) होल्डरसकट, टीपी4056 चार्जिंग मॉड्यूल, सेलचं व्होल्टेज 5 पर्यंत चढवायला एमटी3608 बूस्ट मॉड्यूल, 1000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, 330 ओहम आणि 1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर, एक छोटा स्लाइड स्विच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास फिरलात तर एका दुपारीत सगळं मिळतं, ऑनलाइनही मिळतं. टीपी4056 घेताना ज्यावर सहा टर्मिनल आहेत तोच घ्या, बॅटरीचे दोन, आउटपुटचे दोन आणि चार्जिंगचे दोन, त्यात सेलचं प्रोटेक्शन असतं. चार टर्मिनलवाल्यात ते नसतं, तो मुलांच्या वस्तूत नकोच. आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल कितीही फुकट मिळाले तरी वापरू नका, पोराच्या हातात देणार आहोत आपण ते.

आधी आवाज तयार करा, सर्किट नंतर. सगळे लोक उलटं करतात आणि मग शेवटच्या रात्री नेटवरून काहीतरी डाउनलोड करून टाकतात. गदा फिरवल्याचा घुमार मी वेताच्या छडीने केला, मोबाइल उशीवर ठेवून त्याच्यावरून छडी सपसप फिरवली आणि ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड निम्मा केला. स्पीड निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो आणि लांबतोही, त्यामुळे हलक्या छडीची एकदम जड गदा होते. आदळल्याचा आवाज गादीवर लाटणं आपटून आणि त्यावर पत्र्याच्या डब्याचा आवाज अगदी बारीक ठेवून केला. 1977 च्या स्टार वॉर्स सिनेमातल्या उजेडाच्या तलवारींसाठी (लाइटसेबर) साउंड डिझायनर बेन बर्ट यांनी जुन्या फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरचा आणि टीव्हीचा गुंजारव मिसळला होता, आणि तो स्पीकरवर वाजवत समोर हातातला माइक फिरवून फिरवल्याचा आवाज रेकॉर्ड केला होता. ही युक्ती घरी जशीच्या तशी करता येते, मिक्सर किंवा जुन्या पंख्याचा आवाज लावा आणि मोबाइल झपकन समोरून न्या, खरंच छान निघतो.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. हेडफोनवर जो धप्प आवाज छातीत बसतो तो 40 मिमीच्या स्पीकरवर जवळजवळ गायब होतो, कारण एवढासा स्पीकर खालचा खर्ज काढूच शकत नाही. म्हणून 200 हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने कापून टाका आणि वर थोडं डिस्टॉर्शन द्या, मग कानाला तो भारीपणा वाटतो आणि स्पीकरही फाटत नाही. मग फाइल मोनो (एकाच चॅनलची) करा, आवाज नॉर्मलाइज करा (म्हणजे सगळ्यात मोठा आवाज ठरलेल्या पातळीवर आणा), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीची शांतता पूर्ण झूम करून कापा. डीएफप्लेअरला कार्डावरून फाइल उघडायला थोडा वेळ लागतोच, त्यात तुमच्या फाइलमध्ये अजून पाव सेकंद शांतता असली की पुन्हा तेच, गदा आधी आणि आवाज नंतर.

कार्डावर एमपी3 नावाचं फोल्डर, त्यात 0001, 0002 अशा चार आकडी नावांनी फाइल. 0001 सुरू झाल्याचा आवाज, 0002 ते 0004 फिरवल्याचे तीन वेगवेगळे, 0005 ते 0007 आदळल्याचे तीन. तीन-तीन का, तर एकच आवाज सारखा आला की चौथ्या वेळेला खेळणं वाटायला लागतं.

आता जोडणी. नॅनो, सेन्सर आणि बॅटरी दांड्यात, आणि डीएफप्लेअर, स्पीकर, एलईडी डोक्यात. सेन्सर मुठीच्या जवळच का, ते सांगते, कारण मी पहिल्यांदा तो डोक्यात बसवला होता आणि दोन रात्री त्यात गेल्या. गदा नुसती फिरवली तरी आदळल्याचा आवाज यायचा. गोल फिरणाऱ्या वस्तूत मध्यापासून जितकं लांब जाल तितका बाहेर फेकणारा जोर वाढतो. सेकंदाला एक फेरी या वेगाने गदा फिरवली तर मुठीपासून 70 सेंमीवर तो जवळपास 2.8 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 2.8 पट) भरतो, आणि मुठीपासून 10 सेंमीवर जेमतेम 0.4 जी. म्हणजे डोक्यातल्या सेन्सरला फिरणं आणि आदळणं सारखंच दिसत होतं. वळण्याचा वेग मात्र दांड्यावर कुठेही मोजला तरी सारखाच येतो, त्यामुळे मुठीजवळ ठेवून काहीही गमवावं लागत नाही.

सेल टीपी4056 ला, त्याच्या आउटपुटपासून स्विचमधून बूस्टला, आणि बूस्टमधून 5 व्होल्ट सगळ्यांना. बूस्ट मॉड्यूलला बाकी काही जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज सेट करा, हे विसरलात तर नॅनो गेलाच समजा. त्याच्यावरचा पितळी स्क्रू सुरुवातीला दहा-पंधरा वेळा फिरवला तरी आकडा हलत नाही, वाटतं मॉड्यूल खराब आहे, पण फिरवत राहा, मग एकदम उतरायला लागतो. 5 वर आणून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे हलणार नाही.

सेन्सरची एसडीए नॅनोच्या ए4 ला, एससीएल ए5 ला. एलईडीचा डेटा डी6 वरून 330 ओहममधून पट्टीच्या बाणाच्या दिशेने, बाण उलटा जोडला तर काहीच पेटत नाही. डी11 वरून 1 किलोओहममधून डीएफप्लेअरच्या आरएक्सला, हा रेझिस्टर नसेल तर स्पीकरमधून सतत चिरचिर येते. स्पीकरच्या दोन वायरी एसपीके1 आणि एसपीके2 लाच, त्यातली एकही ग्राउंडला लावायची नाही. एक कपॅसिटर पट्टीच्या तोंडाशी, दुसरा डीएफप्लेअरच्या पायाशी. म्हणजे दांड्यातून डोक्यात चारच वायरी जातात, 5 व्होल्ट, ग्राउंड, लाइटचा डेटा, आवाजाचा डेटा. लवचिक मल्टिस्ट्रँड वायर घ्या, एकतारी वायर दहाव्या फटक्याला सोल्डरच्या मुळाशी तुटते. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि वायर जिथे बोर्डातून निघते तिथे ग्लू गनचा गोळा.

पॉवरचं गणित एकदा कागदावर करा. डब्ल्यूएस2812बी चा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलिअँपिअरपर्यंत खातो, 24 एलईडीचे झाले 1.44 अँपिअर, आणि तेवढे 5 व्होल्टला द्यायचे तर सेलमधून दोन अँपिअरच्या वर ओढले जातात. एवढं त्या बारक्या बूस्टला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, नॅनो रीसेट होतो आणि नेमक्या आदळण्याच्या क्षणी सुरू झाल्याचा आवाज येतो. माझ्या गदेचं अगदी हेच होत होतं. उपाय सोपा आहे, पांढरा वापरूच नका. लाल एकटा साधारण 20 मिलिअँपिअर घेतो, केशरी त्याच्या जरासा वर, आणि ब्राइटनेस 255 पैकी 80-90 ला धरा. अंधाऱ्या स्टेजवर ते भरपूर होतं, आणि केशरी उजेड गदेला शोभतोही.

प्रोग्रामचं डोकं फार मोठं नाही. सेन्सरची रेंज आधी वाढवायची, ॲक्सिलरोमीटर (धक्का मोजणारा भाग) 8 जी आणि जायरो (वळण्याचा वेग मोजणारा भाग) 1000 अंश प्रति सेकंद, कारण मूळ सेटिंगला (2 जी आणि 250 अंश) जरा जोरात फिरवलं की आकडा टोकाला जाऊन अडकतो. दर 10 मिलिसेकंदाला वाचायचं. वेग 200 अंशांच्या वर गेला की फिरवल्याचा आवाज आणि लाइट हळूहळू वाढवायचा. ॲक्सिलरेशन 3 जीच्या वर उसळलं की आदळल्याचा आवाज, लाइट एकदम भडक आणि मग अर्ध्या सेकंदात उतरता. आदळणं नेहमी फिरण्याच्या वरचढ, म्हणजे घुमार चालू असला तरी तो तोडून धडाम वाजलं पाहिजे. एकदा वाजलं की पुढचे 400 मिलिसेकंद दुसरा फटका मोजायचा नाही, नाहीतर एकाच आपटण्याचे चार आवाज येतात. हे 200 आणि 3 चे आकडे माझ्या भाच्याच्या हाताचे आहेत, तुमच्या नटाच्या हातात गदा देऊन तुमचे आकडे काढा, सात वर्षांच्या मुलाचा आणि कॉलेजच्या पोराचा फटका सारखा नसतो. प्रोग्राम थांबवून ठेवणारी डिले कमांड कुठेही वापरू नका, मिलिस (चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी कमांड) वापरून वेळ मोजा, डिले चालू असताना सेन्सर आंधळा असतो. लाइटची लुकलुक ठेवलीत तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, समोर बसलेल्या एखाद्याला त्याने फिट येऊ शकते.

प्रोग्रामिंग अजिबातच नको असेल तर डीएफप्लेअरचा एडीकी1 पाय एका पुश बटणातून ग्राउंडला जोडा, दाबलं की पहिली फाइल वाजते, नॅनोही नको आणि सेन्सरही नको. छोट्या मुलांच्या फॅन्सी ड्रेसला तेवढं पुरतं. उलट ज्यांना घुमार अखंड हवा आणि वेगाबरोबर चढत-उतरत जायला हवा त्यांना डीएफप्लेअर पुरणार नाही कारण तो एका वेळी एकच आवाज वाजवतो, तिथे नॅनोपेक्षा ताकदवान ईएसपी32 बोर्ड आणि मॅक्स98357 अँप्लिफायर घेऊन कोडमध्ये आवाज मिसळावे लागतात, किंवा लाइटसेबर बनवणाऱ्यांचा प्रॉफीबोर्ड हा तयार बोर्ड.

डोकं मी फुग्यावर केलं, वर्तमानपत्राचे तुकडे पाण्यात सैल केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून सहा थर, प्रत्येक दोन थरांनंतर पंख्याखाली वाळवून. थर्माकोलचं केलं तर साधा स्प्रे पेंट मारू नका, तो थर्माकोल खातो. पाकळ्यांच्या मध्ये कटरने फटी पाडल्या आणि आतून बटर पेपर दोन पदरी चिकटवला. एलईडी त्या कागदाला टेकवायचे नाहीत, दीड-दोन सेंमी अंतर ठेवायचं, नाहीतर उजेडाऐवजी ठिपके दिसतात. स्पीकरसाठी डोक्याच्या खालच्या अंगाला दांड्याभोवती 5 मिमीची वीसेक भोकं पाडली. स्पीकर त्यावर चिकटवताना कडा चहूबाजूंनी ग्लू गनने पूर्ण बंद करा. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, कडेला फट राहिली की गदा रजईत गुंडाळल्यासारखी बोलते. मी फट बुजवली त्या क्षणी आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटला, भाचा शेजारच्या खोलीतून धावत आला, "मावशी, बदललास का स्पीकर?" काही बदललं नव्हतं, कागदाचं ते पोकळ डोकंच आता डब्यासारखं घुमत होतं.

दांडा 32 मिमीचा पीव्हीसी पाइप. बॅटरी सगळ्यात खाली, शेवटाला एंड कॅप, म्हणजे वजन मुठीजवळ राहतं आणि सेल बदलायलाही सोपं. सर्किट पाइपमध्ये सरकवण्याआधी पॅकिंगच्या फोममध्ये घट्ट गुंडाळा, सेन्सर आत खुळखुळला तर सगळे आकडे खोटे. चार्जिंग करताना स्विच बंद, आणि कोणीतरी त्या खोलीत जागं पाहिजे.

तालमीला द्यायच्या आधी गादीवर पन्नास वेळा आपटा, मोजून. जे तुटायचंय ते घरी तुटू दे. माझं बाविसाव्या फटक्याला ग्राउंडचं सोल्डर निघालं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सेल सकाळी फुल चार्ज, एसडी कार्डाच्या खाचेवर टेपचा तुकडा, एक जादा सेल प्लास्टिकच्या डबीत. आणि स्विच विंगेत, एंट्रीच्या अर्धा मिनिट आधी चालू करायचा. चालू झाल्यावर दोन सेकंद गदा अजिबात हलवायची नाही, त्या वेळात जायरो आपला शून्य ठरवत असतो आणि डीएफप्लेअर कार्ड वाचत असतो. भाच्याला मी सांगितलं होतं, गदा जमिनीवर टेकव, डोळे मीट आणि जय बजरंगबली तीन वेळा म्हण. तिसऱ्याला आतून हलकासा हुंकार येतो, तो आला की गदा तयार.