मॅनेजर कच्चा, टार्गेट पक्कं: सॉफ्टवेअर सेल्समध्ये या चुका टाळा

डेमोला प्री-सेल्सचा, म्हणजे प्रॉडक्टची तांत्रिक बाजू समजावणारा माणूस मिळत नाही, डिस्काउंटच्या मेलला उत्तर येत नाही, फोरकास्ट (या क्वार्टरमध्ये किती विक्री होईल याचा अंदाज) मात्र वेळेवर हवा. अशा टीममध्ये मेहनती माणूसच आधी घसरतो, कारण जिथे भोक दिसेल तिथे तो स्वतः उभा राहतो.

ग्राहकाची सिक्युरिटी प्रश्नावली रात्री जागून एकट्याने भरणं, ही त्यातली सगळ्यात महागडी चूक. 'डेटा एन्क्रिप्टेड आहे का?' यावर अंदाजाने ठोकलेलं 'हो' पुढे करारालाही जोडलं जाऊ शकतं. त्यापेक्षा जुन्या प्रश्नावल्यांमधली उत्तरं एका शीटमध्ये गोळा करा, इंजिनिअरकडून एकदाच तपासून घ्या आणि तीच वापरा. तपासल्याची तारीखही लिहा, प्रॉडक्ट बदलत असतं.

तोंडी होकारावर कोटेशन पाठवू नका. फोनवर 'दे २० टक्के' म्हणणारा मॅनेजर फायनान्सने अडवलं की 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणतो. फोन ठेवल्या ठेवल्या तीन ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोणत्या डीलसाठी, कधीपर्यंत. डेमोची तारीख वगैरे किरकोळ बाबतीत 'उद्यापर्यंत हरकत न कळवल्यास पुढे जातो' चालतं. किंमत आणि कराराच्या अटींवर मात्र गप्प बसणं म्हणजे संमती धरू नका.

मग येते फुगवलेली पाइपलाइन, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या डील्सची एकूण रक्कम. टार्गेटच्या तिप्पट पाइपलाइन हवी, हा सेल्समधला जुना ठोकताळा. तो जुळवायला मेलेल्या डील्स सीआरएममध्ये (ग्राहक आणि डील्सच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) जिवंत ठेवल्या जातात. कमजोर मॅनेजर त्या तपासत नाही, म्हणून तुम्हीच तपासा. १९९० च्या दशकात पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीत घडलेल्या, डील पारखायच्या मेडिक (MEDDIC) पद्धतीतला एक प्रश्न इथे पुरतो: पैशाला मंजुरी देणाऱ्या माणसाशी बोलणं झालंय का? नसेल, आणि क्लोज डेट (डील पक्की होण्याची अपेक्षित तारीख) दोनदा सरकली असेल, तर ती डील फोरकास्टमधून काढा. आकडा लहान दिसेल, बोलणीही बसतील. पण क्वार्टरच्या शेवटच्या आठवड्यात घबराटीने डिस्काउंट वाटण्यापेक्षा ती परवडली.

ग्राहकापुढे कंपनीचं रडगाणं गाऊ नका, एवढं सांगायलाच नको.

कमिशन प्लॅन लेखी आणि मंजूर झालेला मागा. टाळाटाळ झाली तर सोबतच्यांचे आकडे बघा. त्याच मॅनेजरखाली कुणीच टार्गेट गाठत नसेल, तर नवी स्क्रिप्ट पाठ करण्याआधी रेझ्युमे अपडेट करा.